कार्बनचं बिल कुणाच्या नावावर?

हवामानबदलाचा विषय कुठेही निघाला की एक प्रश्न हमखास येतो. देशानं कार्बन कमी करायचं ठरवलंय हे चांगलंच झालं, पण त्याचे पैसे कोण देणार? विचारणारा कधी लहान कारखानदार असतो, कधी महिन्याचं वीजबिल पाहून वैतागलेली गृहिणी, तर कधी डोक्यावर पीककर्ज असलेला शेतकरी. या प्रश्नामागची धास्ती खरी आहे. आजवर 'देशहिताच्या' अनेक योजनांचा भार शेवटी कुणाच्या खिशावर पडला, हे लोकांनी पाहिलेलं आहे.

माझ्या मते हरित धोरण समजून घ्यायला यापेक्षा चांगला प्रश्न नाही. कर असो, अनुदान असो, सक्ती असो की बाजार, प्रत्येक मार्गात बिल कुणाच्या तरी नावावर फाडलं जातं. ते योग्य माणसाच्या नावावर फाटलं की धोरण चालतं. चुकीच्या नावावर फाटलं की उद्दिष्ट कागदावर राहतं. म्हणून आधी भारतानं नेमकं काय कबूल केलंय ते पाहू, आणि मग एकेका धोरणाला हाच प्रश्न विचारू.

१. कबूल काय केलं आहे?

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारतानं २०७० पर्यंत 'नेट झीरो' गाठण्याची घोषणा केली. नेट झीरो म्हणजे देश जेवढे उष्णता धरून ठेवणारे वायू हवेत सोडेल, तेवढेच जंगलं, माती किंवा तंत्रज्ञानाच्या मदतीनं परत काढून घेईल. सोडणं पूर्ण थांबेल असा त्याचा अर्थ नाही. जमाखर्च शून्यावर येईल, एवढाच आहे.

२०७० दूर आहे. जवळची उद्दिष्टं २०३० ची आहेत आणि ती ऑगस्ट २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे लेखी दिली गेली. पहिलं, उत्सर्जनाची तीव्रता २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करणं. दुसरं, वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू, तेल सोडून इतर स्रोतांची असणं. तिसरं, जंगलं आणि झाडं वाढवून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड जास्तीचा शोषून घेणं.

यातला 'तीव्रता' हा शब्द नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो. तीव्रता म्हणजे एक रुपया कमावताना किती कार्बन हवेत गेला. समजा, एखादा देश २००५ मध्ये १०० रुपये कमावत होता आणि त्यासाठी १०० किलो कार्बन सोडत होता, म्हणजे रुपयामागे एक किलो. आता २०३० मध्ये त्याची कमाई ४०० रुपये झाली आणि तीव्रता ४५ टक्क्यांनी घटून रुपयामागे ५५० ग्रॅमवर आली. ४०० गुणिले ०.५५ म्हणजे २२० किलो. उद्दिष्ट पूर्ण झालं, तरी एकूण कार्बन दुपटीहून वाढला!

ही पळवाट आहे का? मला तसं वाटत नाही. भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी. ज्या घरात अजून फ्रीज आलेला नाही, त्याला वीज वापरू नकोस असं सांगणं अन्यायाचं ठरेल. पण 'तीव्रता घटली' ही बातमी वाचताना 'एकूण कार्बन घटला' असं समजू नये. सरकारी अहवालानुसार २००५ ते २०२० या काळात तीव्रता ३६ टक्क्यांनी घटली. या उद्दिष्टाची वाट बरीचशी सरली आहे. एकूण उत्सर्जनाचा आलेख मात्र अजून चढताच आहे.

२. क्षमता आणि युनिट

दुसरं उद्दिष्ट तर मुदतीच्या पाच वर्षं आधीच, २०२५ च्या मध्यावर गाठलं गेलं. देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी आता सौर, पवन, जल, अणू अशा स्रोतांची आहे. तरीही आपल्या घरात येणाऱ्या विजेचा मोठा भाग कोळशाचाच का?

कारण क्षमता म्हणजे यंत्राची ताकद, आणि वीज म्हणजे त्या यंत्रानं प्रत्यक्ष केलेलं काम. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण १५ ते १६ लाख युनिट वीज देतो. रात्री तो बंद असतो, पावसाळ्यात अर्धवट चालतो. एक मेगावॉट कोळशाची क्षमता वर्षाला ६० लाखांच्या आसपास युनिट देते. कागदावर दोघं बरोबरीचे, प्रत्यक्षात चौपटीचा फरक. शिवाय विजेची मागणी संध्याकाळी सात-आठला उसळते आणि सूर्य नेमका तेव्हा मावळलेला असतो.

म्हणून पुढची मोठी गुंतवणूक साठवणुकीत लागणार. सह्याद्रीतल्या घाटघर प्रकल्पात त्याची एक जुनी रीत पाहायला मिळते. तिथे वर एक धरण आहे आणि कड्याखाली दुसरं. वीज मुबलक असते तेव्हा पाणी खालून वर चढवायचं, टंचाईच्या वेळी तेच खाली सोडून २५० मेगावॉटपर्यंत वीज मिळवायची. वर चढवायला लागलेली सगळी वीज परत मिळत नाही, काही भाग वाया जातोच. त्यामुळे साठवलेली वीज थेट सौरविजेपेक्षा महाग पडते, आणि तो जादा खर्च वीजदरात येतो. 'सौरवीज सगळ्यात स्वस्त' हे दुपारी बाराला खरं असतं, रात्री आठच्या विजेला ते लागू पडत नाही.

३. धुराची किंमत

चंद्रपूरचं महाऔष्णिक वीजकेंद्र २,९२० मेगावॉटचं आहे. तिथली वीज मुंबई-पुण्यापर्यंत जाते, राख आणि धूर चंद्रपुरात राहतात. दमा झालेल्या माणसाचा औषधखर्च किंवा शेतावर बसलेल्या राखेचं नुकसान मुंबईकराच्या वीजबिलात कुठेच दिसत नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीनं प्रदूषणाचं मूळ इथे आहे: नुकसान करणारा आणि भोगणारा वेगवेगळे असतात, म्हणून किमतीत नुकसान धरलंच जात नाही. ते धरायचा सगळ्यात सरळ उपाय म्हणजे कार्बनवर कर.

भारतानं हा उपाय करून पाहिला. २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये उपकर बसला. तो वाढत २०१६ मध्ये ४०० रुपयांवर गेला. यातून युनिटला किती फरक पडला असेल? एका टन कोळशात साधारण १,४०० युनिट वीज तयार होते. ४०० भागिले १,४००, म्हणजे युनिटला २८-२९ पैसे. जाणवेल एवढा, पण कंबर मोडणारा नव्हे.

चूक झाली ती पैसे जमल्यानंतर. हा पैसा स्वच्छ ऊर्जेसाठी वेगळ्या निधीत जायचा होता. २०१७ पर्यंत सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमले, त्यातले सुमारे ३० हजार कोटी निधीत पोहोचले आणि प्रकल्पांवर सोळा हजार कोटींच्या आसपास खर्च झाले. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तर हा उपकर राज्यांना नुकसानभरपाई देण्यासाठी वळवला गेला. कोळशावरचा ४०० रुपयांचा भार तसाच राहिला, फक्त स्वच्छ ऊर्जेचं नाव गेलं.

सप्टेंबर २०२५ मध्ये तोही संपला. उपकर रद्द झाला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. समजा कोळसा टनाला १,५०० रुपयांचा आहे. पूर्वी ७५ रुपये जीएसटी अधिक ४०० उपकर, एकूण ४७५. आता २७०. म्हणजे स्वस्त कोळशावरचा कर घटला. वजनावर बसणारा कर कार्बनच्या जवळ जाणारा होता, किमतीवर बसणारा कर कार्बनला ओळखत नाही. उपकराचा पैसा नीट वापरायला हवा होता. वापर चुकला म्हणून उपकरच जाऊ देणं मला पटत नाही.

४. घाऊक खरेदी

आता अशा धोरणाकडे वळू, ज्यात कुणाच्याच खिशाला चाट बसली नाही. एलईडी बल्ब बाजारात आला तेव्हा इतका महाग होता की सामान्य घरात तो घेण्याचा कुणी विचारही करत नसे. किंमत जास्त म्हणून खप कमी, खप कमी म्हणून किंमत जास्त. सोसायटीतल्या तीस घरांनी मिळून थेट देवगडहून आंब्याच्या पेट्या मागवल्या की भाव कसा उतरतो, हे आपल्याला माहीत आहे. सरकारी कंपनी ईईएसएलनं तेच देशपातळीवर केलं. २०१४ मध्ये एका बल्बची खरेदी सुमारे ३१० रुपयांना झाली होती. कोटींच्या संख्येत निविदा निघू लागल्यावर २०१६ मध्ये ती ३८ रुपयांवर आली. जानेवारी २०१५ पासून 'उजाला' योजनेतून ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले.

६० वॉटचा जुना बल्ब काढून ९ वॉटचा एलईडी लावला आणि तो रोज पाच तास जळला, तर वर्षाला ९३ युनिट वाचतात. भारतात एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका होल्डरमागे वर्षाला ६५ किलो. बल्बची किंमत काही महिन्यांत वसूल.

हा प्रकार सगळीकडे चालत नाही. जी वस्तू वापरताना स्वस्तच पडणार आहे, फक्त सुरुवातीची किंमत आड येते आहे, तिथेच ही युक्ती लागू पडते.

५. रात्रपाळीची लाइट

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला विजेचं वेळापत्रक तोंडपाठ असतं. काही दिवस दिवसपाळी, काही दिवस रात्रपाळी. रात्रपाळी असली की बाराला, एकला पंपाला लागणारी थ्री फेज वीज येते. मग हातात बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीवर जायचं, पेटीत हात घालून स्टार्टर दाबायचा, आणि थंडीत चिखलात उभं राहून पहाटेपर्यंत दारं धरायची. एक वाफा भरला की खोऱ्यानं माती ओढून पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं. पायाखाली साप असू शकतो, उसाच्या पट्ट्यात बिबट्या. मध्येच डीपीवरचा, म्हणजे रोहित्राचा, फ्यूज उडाला तर ती रात्र गेली.

या रात्रपाळीमागे एक आर्थिक कोडं आहे. समजा, शेतापर्यंत एक युनिट पोहोचवायला वीज कंपनीला आठ रुपये खर्च येतो आणि शेतकऱ्याकडून दीड रुपया अपेक्षित आहे. उरलेले साडेसहा रुपये कुठून येणार? काही सरकारी तिजोरीतून, काही उद्योगांना जादा दर लावून. उद्योग तक्रार करतात, काही स्वतःची वीज उभारून बाहेर पडतात. मग तोटा वाढतो आणि शेतीच्या वाट्याला पुन्हा उरलीसुरली, रात्रीची वीज येते. वर्षानुवर्षं हे चक्र असंच फिरत राहिलं.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये नव्या रूपात आलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेनं हे कोडं दुसऱ्या टोकानं धरलं. शेतीपंपांना वीज देणारी वाहिनी गावठाणाच्या वाहिनीपासून वेगळी असते. त्या वाहिनीच्या सबस्टेशनजवळच काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज थेट त्याच वाहिनीत सोडायची. प्रकल्प खासगी कंपनी बांधते, सरकारी वीज कंपनी महावितरण २५ वर्षं ठरलेल्या दरानं वीज घेते आणि तो दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडतो. वीज दूरवरून आणावी लागत नाही, वाटेतली गळती घटते. सौरवीज दिवसाच तयार होते, त्यामुळे शेतकऱ्याला मिळते तीही दिवसाच. आणि इथे साठवणुकीचा खर्चही लागत नाही, कारण पिकाला पाणी दुपारी दिलेलं चालतं. सौरऊर्जेची सगळ्यात मोठी अडचण या एका ठिकाणी अडचणच राहत नाही. म्हणूनच ही योजना मला इतकी महत्त्वाची वाटते.

पाच अश्वशक्तीचा पंप ताशी साधारण पावणेचार युनिट खातो. आठ तास चालला तर ३० युनिट, म्हणजे देशाच्या सरासरीनं रोजचा २१ किलो कार्बन डायऑक्साइड. राज्यात असे शेतीपंप ४० लाखांहून जास्त आहेत. नव्या टप्प्यातला पहिला प्रकल्प सप्टेंबर २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या धोंदलगावात सुरू झाला, तीन मेगावॉटचा. राज्याचं उद्दिष्ट १६ हजार मेगावॉटचं आहे.

जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ. कोरडवाहू, खडकाळ रानात एवढं उत्पन्न देणारं पीक शोधून सापडणार नाही. सरकारी जमिनींच्या बाबतीत मात्र काळजीचं कारण आहे. गायरान महसुली नोंदीत पडीक दिसतं, पण गावातली गुरं, शेळ्या-मेंढ्या तिथेच चरतात, आणि अनेक भूमिहीन, बहुतेक दलित कुटुंबं दोन-तीन पिढ्या ते कसत आली आहेत. त्या जमिनीभोवती एका सकाळी जाळीचं कुंपण पडलं, तर स्वच्छ विजेचं बिल गावातल्या सगळ्यात गरीब माणसाच्या नावावर फाटलेलं असतं. ग्रामसभेत हा विषय खुलेपणानं घेणं आणि कसणाऱ्यांना आधी भरपाई देणं, हा प्रकल्पाच्या खर्चातलाच भाग धरायला हवा.

दुसरी काळजी पाण्याची. दिवसा, खात्रीची आणि लहान पंपांना फुकट वीज मिळू लागली की मोटर जास्त वेळ चालणार. मराठवाड्यातल्या बोअरवेल आधीच शेकडो फूट खाली गेल्या आहेत. ठिबक सिंचन आणि पिकांची निवड यांची जोड दिली नाही, तर कार्बन वाचवताना भूजल संपेल.

६. कारखान्यांचा हिशेब

कारखान्यांसाठी आता निराळी पद्धत सुरू होते आहे. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा दुरुस्त झाला आणि जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, ॲल्युमिनियम, क्लोर-अल्कली आणि कागद या चार उद्योगांतल्या कारखान्यांना पहिली बंधनकारक उद्दिष्टं मिळाली. पोलाद, खत, तेलशुद्धीकरण, कापड हे उद्योगही या योजनेच्या यादीत आहेत.

ती कशी चालेल, ते एका काल्पनिक उदाहरणातून पाहू. दोन सिमेंट कारखाने, प्रत्येकाचं उत्पादन वर्षाला १० लाख टन. दोघांना सांगितलं, टनामागे ६०० किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड नको. पहिल्यानं औष्णिक केंद्राची राख मिसळून भट्टीतला चुनखडीचा वापर कमी केला आणि ५७० वर आला. ३० किलो गुणिले १० लाख म्हणजे ३० हजार टन वाचले, त्याला टनाला एक अशी ३० हजार कार्बन प्रमाणपत्रं मिळाली. दुसऱ्याची भट्टी जुनी, तो ६३० वरच. त्याला ३० हजार प्रमाणपत्रं विकत घ्यावी लागतील. भाव ५०० रुपये धरला तर दीड कोटी. ते १० लाख टनांवर वाटले तर टनाला १५ रुपये, आणि ५० किलोच्या गोणीमागे ७५ पैसे. घर बांधणाऱ्याला ते कळणारही नाही, पण कारखान्याच्या मालकाला दीड कोटी नक्की टोचतील आणि भट्टी बदलण्याचा हिशेब तो मांडू लागेल. प्रमाणपत्रं घेतलीच नाहीत तर सरासरी बाजारभावाच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते.

या बाजाराला एक जुना अनुभव आहे. २०१२ पासून ऊर्जाबचतीच्या प्रमाणपत्रांची अशीच योजना होती. पहिल्या फेरीतल्या ४७८ कारखान्यांनी मिळून उद्दिष्टापेक्षा जास्त बचत केली. म्हणजे उद्दिष्टं ढिली होती. प्रमाणपत्रांचा पूर आला आणि भाव पडला. ज्यांनी मन लावून खर्च केला होता, त्यांच्या हाती फारसं लागलं नाही. या वेळी उद्दिष्टं पुरेशी कडक ठेवली नाहीत तर पुन्हा तेच होईल. शिवाय सगळ्यात जास्त कोळसा जाळणारी वीजकेंद्रं या बंधनातून सध्या बाहेरच आहेत. ती आत आल्याशिवाय हा बाजार राष्ट्रीय उद्दिष्टाला पुरा पडणार नाही.

'आपण आपल्याच उद्योगांवर बोजा का टाकायचा?' असं विचारलं जातं. १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघ पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत अशा आयातीवर कार्बनचा हिशेब लावू लागला आहे. मालाच्या मूळ देशात कार्बनची किंमत आधीच दिली असेल तर ती त्यातून वजा होऊ शकते. म्हणजे तिकडे जाणाऱ्या आपल्या पोलादावर ही किंमत पडणारच आहे. ती देशातच राहून आपल्याच भट्ट्या सुधारायला वापरली जाईल की ब्रुसेल्सला जाईल, एवढंच ठरायचं आहे.

७. कोळशाच्या गावांचं काय?

आता पुन्हा चंद्रपूरकडे. तिथल्या वीजकेंद्रातले २१० मेगावॉटचे दोन जुने संच याआधीच कायमचे बंद झाले आहेत. इतर संचांचीही वेळ येईल, काहींची दहा वर्षांत, काहींची पंचवीस. कायम कामगाराची बदली होते, त्याला निवृत्तिवेतन मिळतं. कंत्राटी कामगाराचं फक्त कंत्राट संपतं. खाणीत डंपर चालवणारा, राखेची वाहतूक करणारा, गेटसमोर चहाची टपरी लावणारा, यांची नावं कुठल्याही हजेरीपटावर नाहीत. हिरव्या धोरणाचं बिल त्यांच्या दारात जायला नको असेल, तर तयारी संच चालू असतानाच करावी लागते.

त्यासाठी नवा कर लावण्याचीही गरज नाही. खाणमालकांना रॉयल्टीच्या प्रमाणात ठरावीक रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावी लागते. १२ जानेवारी २०१५ च्या आधीच्या पट्ट्यांवर रॉयल्टीच्या ३० टक्के, त्यानंतर लिलावानं दिलेल्यांवर १० टक्के. हा पैसा खाणबाधित भागातच खर्च करायचा असतो, आणि आरोग्य, पिण्याचं पाणी, शिक्षण, कौशल्यविकास ही कामं त्यात अग्रक्रमाची ठरवलेली आहेत. याच निधीतून पुढच्या पाच वर्षांत कुठल्या तालुक्यातल्या किती तरुणांना सौर प्रकल्पांची देखभाल, वाहिन्यांची दुरुस्ती किंवा बॅटरी जोडणी शिकवणार, याची यादी जिल्ह्यानं आजच करावी. बंद खाणींची जमीन आणि वीजकेंद्रापासून निघालेल्या मोठ्या वाहिन्या तिथे तयारच आहेत. त्या वाहिन्यांत उद्या सौरवीज सोडता येईल आणि आज कोळशावर काम करणारे हात त्या प्रकल्पावर काम करू शकतील. जिल्हा खनिज प्रतिष्ठानाच्या पुढच्या आराखड्यात या कामासाठी किती रुपये धरले आहेत, हे चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूरच्या नागरिकांनी मागून घ्यावं.